सेल्फ-गव्हर्नमेंट ते इंडिपेंडन्स : चार शब्दांचा इतिहास

इंग्रजी भाषेंत अर्थानें अगदीं शेजारीं बसणारे, पण एकमेकांची जागा घेऊं न शकणारे असे शब्द पुष्कळ आहेत. वर्गांत ते शिकवितांना मुलें हमखास विचारीत, "गुरुजी, अर्थ जर एकच, तर शब्द दोन कशाला?" परीक्षेपुरतें उत्तर कोशांतून देतां येतें. परंतु अशा दोन शब्दांमधील फरकावर एखाद्या राष्ट्राचें भवितव्य अवलंबून राहूं शकतें, हें कळावयाचें तर इतिहासाचींच पानें उलटावीं लागतात. सेल्फ-गव्हर्नमेंट, रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट, डोमिनियन स्टेटस आणि इंडिपेंडन्स हे असे चार शब्द आपल्या देशाच्या वाट्याला आले. आज त्यांची हकीकत सांगावयाची आहे.

प्रथम अर्थ पाहूं. यांतील प्रत्येक शब्द एका निराळ्या प्रश्नाचें उत्तर आहे. कारभार कोण चालवितो? स्वकीय चालवीत असतील तर ती सेल्फ-गव्हर्नमेंट. कारभार चालविणारे कोणाला जाब देतात? लोकांनीं निवडलेल्या विधिमंडळाला देत असतील, आणि त्याचा विश्वास उडतांच अधिकार सोडीत असतील, तर ती रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट. साम्राज्यांत देशाचा दर्जा कोणता? कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या बरोबरीचा असेल तर तें डोमिनियन स्टेटस. आणि या देशावर दुसऱ्या कोणाची सत्ता उरली आहे काय? मुळींच उरली नसेल तर तें इंडिपेंडन्स. प्रश्न चार, पण त्या सर्वांना आपण पुष्कळ दिवस एकाच शब्दानें उत्तर देत होतों, आणि तो शब्द म्हणजे स्वराज्य.

हा शब्दहि कांहीं कमी लवचिक नव्हता. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून ज्या सनदा आणल्या, त्यांत चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या जोडीला स्वराज्याचीहि सनद होती. शिवछत्रपतींच्या निधनसमयीं त्यांच्या ताब्यांत असलेला मुलूख, असा तेथें स्वराज्याचा अर्थ होता. पण त्यावर मान्यतेची मोहोर बादशहाची होती. स्वराज्य सनदेनें मिळावयाचें असतें कीं तें मूळचेंच आपलें असतें, हा प्रश्न पुढें दोनशें वर्षांनीं इंग्रजी शब्दांच्या रूपानें पुन्हा उभा राहिला.

१९०६ सालीं कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष दादाभाई नौरोजी यांनीं सेल्फ-गव्हर्नमेंट आणि स्वराज्य हे शब्द एकत्र उच्चारिले, आणि नमुना म्हणून इंग्लंड व वसाहती या दोहोंचें नांव एका दमांत घेतलें. इंग्लंड पूर्ण स्वतंत्र होतें. वसाहती तशा नव्हत्या. त्यामुळें मवाळांना त्यांतून एक अर्थ काढतां आला, जहालांना दुसरा. १९१६ च्या एप्रिलांत बेळगांवीं लोकमान्य टिळकांनीं लीग स्थापिली, तेव्हां तिला आयर्लंडच्या चळवळींतील होमरूल हें नांव दिलें. त्या विषयावरील व्याख्यानांबद्दल पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनें त्यांच्याकडे वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागितला. पण नोव्हेंबरांत मुंबई हायकोर्टानें तो हुकूम रद्द केला. होमरूल मागणें म्हणजे राजद्रोह नव्हे, एवढें त्यावरून लोकांना उमगलें.

पुढच्याच वर्षीं, २० ऑगस्ट १९१७ रोजीं, भारतमंत्री माँटेग्यू यांनीं पार्लमेंटांत ती प्रसिद्ध घोषणा केली. मंत्रिमंडळांत विचार चालू असतां अंतिम ध्येय म्हणून सेल्फ-गव्हर्नमेंट हा शब्द पुढें आला होता. तो कित्येकांना फार मोठा वाटला. तेव्हां लॉर्ड कर्झन यांनीं मसुद्यांत त्या जागीं रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट हे शब्द घातले. हेतु सावधगिरीचा होता. परंतु गंमत अशी, कीं १८३९ च्या डरहॅम यांच्या कॅनडाविषयक अहवालापासून त्या शब्दांना घटनाशास्त्रांत एक ठाम अर्थ आलेला होता : मंत्र्यांनीं लोकप्रतिनिधींना जाब द्यावा. म्हणजे लहान समजून निवडलेल्या शब्दानें वचन मात्र मोठें दिलें! त्या वचनाची पहिली फेड १९१९ च्या कायद्यानें झाली. प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आली. शिक्षण, स्थानिक स्वराज्य अशीं सोपीव खातीं जबाबदार मंत्र्यांकडे गेलीं; पोलीस आणि जमीनमहसूल हीं राखीव राहिलीं. गांवच्या नगरपालिकेपुरतें कां होईना, स्वराज्य हें नांव सरकारी दप्तरांत होतेंच. तिजोरी आणि दंडुका मात्र दुसऱ्याच्या हातीं राहिला.

शब्दांची खरी ओढाताण याच्या पुढची आहे. फेब्रुवारी १९२४ मध्यें मध्यवर्ती विधिमंडळांत सरकारचे गृहसभासद सर माल्कम हेली यांनीं असा भेद काढला, कीं १९१७ च्या वचनांत रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट आहे, पण तिचा अर्थ पूर्ण डोमिनियन सेल्फ-गव्हर्नमेंट असाच होतो असें नाहीं. सात वर्षें ज्या वाक्याकडे लोक आशेनें पाहत आले, त्याचा अर्थ त्यांच्या डोळ्यांदेखत आखडला. पुढें १९२८ सालीं मोतीलाल नेहरूंच्या समितीनें डोमिनियन स्टेटसची मागणी केली, आणि ३१ ऑक्टोबर १९२९ रोजीं लॉर्ड आयर्विन यांनीं जाहीर केलें, कीं १९१७ च्या घोषणेंत डोमिनियन स्टेटस अभिप्रेतच आहे. जो अर्थ हेलींनीं बाहेर काढला, तो आयर्विननीं पुन्हा आंत घेतला. मात्र तो दर्जा कधीं मिळणार, हें कोणीच सांगेना.

तेव्हां काँग्रेसनें कोशकाराचें काम स्वतःकडे घेतलें. १९२१ सालीं अहमदाबादेस हसरत मोहानी यांनीं स्वराज्य म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य अशी व्याख्या करण्याचा ठराव आणला होता. तो फेटाळला गेला. १९२९ च्या अखेरीस लाहोरास तोच अर्थ मान्य झाला : काँग्रेसच्या घटनेंतील स्वराज्य या शब्दाचा अर्थ पूर्ण स्वातंत्र्य असा समजावा. एका शब्दाची ही व्याख्या. पण तिच्या पाठोपाठ २६ जानेवारी १९३० रोजीं देशभर प्रतिज्ञा झाल्या, आणि त्याच वर्षीं हजारों लोक तुरुंगांत गेले.

इकडे हा वाद चालू असतां डोमिनियन हा शब्दहि स्वस्थ बसला नव्हता. १९२६ च्या साम्राज्य परिषदेनें डोमिनियनें व इंग्लंड यांचा दर्जा समान ठरविला, आणि १९३१ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यानें त्याला कायद्याचें बळ दिलें. आपल्या १९३५ च्या कायद्यांत मात्र डोमिनियन स्टेटसचा उच्चारहि नव्हता. शेवटीं १९४७ च्या कायद्याच्या नांवांत इंडिपेंडन्स आला, आणि त्याच कायद्यानें भारत व पाकिस्तान हीं दोन स्वतंत्र डोमिनियनें निर्माण केलीं! जे दोन शब्द लाहोरास एकमेकांचे वैरी होते, ते एका वाक्यांत नांदूं लागले. २६ जानेवारी १९५० रोजीं भारत प्रजासत्ताक झाला, आणि डोमिनियन हा शब्द आपल्यापुरता संपला.

या हकीकतींतून विद्यार्थ्यानें काय घ्यावें? शब्दाचा अर्थ कोशांत लिहिलेला असतो हें खरें. परंतु वचनांतील शब्दाचा अर्थ जोंवर देणाराच ठरवितो, तोंवर तो त्याच्या सोयीनें ताणला जातो आणि आखडलाहि जातो. म्हणून ज्याला कोणी कांहीं देऊं करतो त्यानें शब्दाच्या भव्यतेकडे पाहूं नये. हा शब्द कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे, आणि कोणत्या प्रश्नाला तो बगल देतो, एवढें विचारावें. दोन समानार्थी शब्दांमधील फरक मुलांना शिकवावयाचा तो याचसाठीं.