नामा म्हणे... आणि फॉरवर्ड

गेल्या दिवाळीत चार दिवस औंढा नागनाथला मामांकडे होतो. लॅपटॉप मुद्दाम पुण्यातच ठेवून गेलो होतो. पण सॉफ्टवेअरवाल्याला गावी सुटी कुठली? पहिल्याच संध्याकाळी मामांनी नवाकोरा स्मार्टफोन माझ्या हातात ठेवला.

"पोरीनं आणून दिलाय. ते व्हॉट्सअ‍ॅप पहिल्यापासून सांग. मला काहीच येत नाही असं धरून चाल."

झालं! ऑफिसात नव्या भरतीला ट्रेनिंग देतो त्याच थाटात मी सुरू झालो. हा नंबर म्हणजे तुमचं खातं. हा ग्रुप. मेसेज असा दाबून धरायचा, बाण दिसला की दाबायचा, झाला फॉरवर्ड. दहा मिनिटांत मामा जांभया द्यायला लागले.

तसं पाहिलं तर मला तरी कुणी शिकवलं होतं? माझी सुरुवात ऑर्कुटवर. गूगलमधल्या ऑर्कुट बुयुककोकतेन नावाच्या इंजिनिअरने ते बनवलं, जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद पडलं. ज्यांनी वापरलंय त्यांना स्क्रॅप आणि टेस्टिमोनियल हे शब्द वाचूनच गलबलून येईल :-) तिथे एकेका हिरोच्या नावाने ढीगभर प्रोफाइल असायचे. त्यातल्या एकाने माझ्या स्क्रॅपला उत्तर दिलं, तेव्हा मी आठवडाभर हवेत होतो. नाव आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला बरेच महिने लागले.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा देवळात घेऊन गेले. औंढ्याचं देऊळ यादवकाळातलं, हेमाडपंती. खाली काळ्या दगडातलं कोरीवकाम, वरचं शिखर मात्र नंतरचं, पांढरं. पिंडी खाली तळघरात, अरुंद जागेतून उतरून जावं लागतं. आणि नंदी समोर नाही, देवळाच्या मागच्या बाजूला! त्याची कथा अशी की नामदेव महाराज दारात कीर्तन करत होते, त्यांना मागे जायला सांगितलं. ते मागे गेले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी राहिला तिथेच.

नामदेव इकडचेच. हिंगोली तालुक्यातलं नरसी हे त्यांचं जन्मगाव मानतात, जन्म १२७० चा. आणि औंढ्याला ते आले ते शिकायला, चक्क नवशिके म्हणून. संतमंडळींत गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं, त्यात नामदेव कच्चं मडकं ठरले. मग गुरू शोधत ते विसोबा खेचरांकडे आले. पाहतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले, तर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे उचलून ठेव माझे पाय. हे विसोबा आधी ज्ञानेश्वर आणि भावंडांना छळायचे म्हणतात. आजच्या भाषेत ट्रोल! नंतर त्यांचेच शिष्य झाले.

देवळाच्या ओट्यावर बसून हे ऐकताना माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. अभंगाच्या शेवटी येणारं 'नामा म्हणे' म्हणजे सरळसरळ युजरनेम. फक्त त्याला पासवर्ड नाही. कुणीही अभंग रचावा आणि शेवटी 'नामा' घालावं. तसं झालंही. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी होऊन गेले, त्यांनी मराठीत महाभारत रचलं. त्यांच्या आणि इतर 'नामां'च्या रचना मूळ नामदेवांच्या रचनांत इतक्या मिसळल्या की त्या वेगळ्या करण्यात विसाव्या शतकातल्या अभ्यासकांचे दिवसच्या दिवस गेले. यात फसवायचा हेतू असेलच असं नाही बरं का. कीर्तनकार आपल्या बाडात, म्हणजे वहीत, अभंग उतरवून घ्यायचा, दुसरा त्याच्याकडून घ्यायचा. फॉरवर्डच की! तिकडे पंजाबात मात्र गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, आणि नामदेवांची पदं एका ठरलेल्या संहितेत आली. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत.

मी हे सगळं मामांना जोरात सांगायला लागलो. ते नुसते हसले.

संध्याकाळी भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक चित्र आलं. उगवता सूर्य, कमळ, आणि खाली चार ओळी, 'संत नामदेव' अशा सहीसकट. मी बाण कसा दाबायचा ते दाखवणार, एवढ्यात मामांनी चष्मा वर केला.

"हे महाराजांचं नाही."

"कशावरून?"

"चालीत बसेना. शब्द आताचे आहेत. अन् गाथेत मी तरी वाचलेलं नाही. गाथेत असलं तरी सगळं त्यांचंच असतं असं नाही. म्हणणारा कोण, कुणाकडून आलं, ते बघावं लागतं."

आणि मी या माणसाला नवशिका समजत होतो!

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी खरं तर पहिल्या दहा मिनिटांतच सांगायला हवी होती. १ जुलै २०१८. रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा फोनाफोनांतून फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने त्या संशयावरून ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरणारी माणसं.

मामा बराच वेळ गप्प होते. "आपल्याकडंबी येतात की ते," एवढंच म्हणाले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर तसा शिक्का दाखवायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो, त्याच्यावर दुहेरी बाण असतो. मी मामांना तो बाण दाखवला. पण बाण एवढंच सांगतो की मेसेज खूप फिरलाय. तो खरा की खोटा, हे त्याला माहीत नसतं. अनोळखी भिक्षेकऱ्याबद्दलचा मेसेज आला, तर त्याला चाल नसते आणि गाथाही नसते. तिथे ज्याने पाठवला त्याला फोन करून विचारावं लागतं, तुला कुणी सांगितलं? तू पाहिलंस का? पोलिसांना विचारलंस?

तेव्हा मंडळी, या दिवाळीत घरच्या मोठ्यांना फोन शिकवणार असाल, तर बाण कसा दाबायचा हे शेवटी सांगा. आणि ते तुमच्यापेक्षा कच्चे आहेत असं आधीच धरून चालू नका.

जाता जाता, मामांचा ग्रुपवरचा पहिला मेसेज मीच टाइप करून दिला. त्या चित्राखाली त्यांनी विचारलं, "कुठल्या गाथेत आहे हे? पान नंबर द्या." रात्रभर कुणाचं उत्तर आलं नाही. सकाळी पाहिलं तर ज्याने टाकलं होतं त्याने ते चित्र काढून टाकलं होतं.