निर्धार आणि यकृत

मेहकर किंवा चिखलीच्या आठवडी बाजारात तळहातावर तंबाखू मळणारी माणसे आपण नेहमी पाहतो. त्यांतील एखादा तंबाखू सोडतो; दुसरा चार दिवसांत पुन्हा चंची काढतो. 'निर्धार कच्चा!' असे आपण म्हणून मोकळे होतो. आम्हीही वर्गात हेच सांगत आलो. पण औषधांचा इतिहास पाहता हा निकाल घाईचा ठरतो.

या इतिहासाची सुरुवात क्षयरोगापासून होते. आयसोनियाझिड हे औषध क्षयावर गुणकारी आहे, हे १९५२ मध्ये समजले. पुढे असे दिसले, की तेवढीच मात्रा घेऊनही ते काहींच्या रक्तात बराच वेळ टिकते, तर काहींच्या रक्तातून लवकर नाहीसे होते. १९५९ मध्ये फ्रीड्रिख फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने अशा अभ्यासाला 'फार्माकोजेनेटिक्स', म्हणजेच औषध-आनुवंशिकी, हे नाव दिले. पुढच्याच वर्षी इव्हान्स व सहकाऱ्यांनी अनेक कुटुंबे तपासून आयसोनियाझिडबाबतचा हा फरक आनुवंशिक असल्याचे दाखवले. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात आठवड्यातून एकदाच औषधे देऊन पाहिली, तेव्हा आयसोनियाझिड लवकर निकामी करणाऱ्या रुग्णांना गुण कमी आला. औषध तेच आणि मात्राही तीच. फरक होता तो यकृतातील विकरांचा.

निकोटिनचेही असेच आहे. यकृतातील 'सीवायपी २ए६' हे विकर निकोटिनचे कोटिनिन करते आणि पुढे त्याचे हायड्रॉक्सीकोटिनिन. या विकराचे जनुक सर्वांमध्ये सारखे नसते. ज्याचे विकर जलद काम करते, त्याच्या रक्तातील निकोटिन लवकर संपते आणि तलफ लवकर येते. १९९८ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी या जनुकाचा धूम्रपानाशी संबंध दाखवला. त्यांची जनुक ओळखण्याची पद्धत पुढे सदोष ठरली. तरी शोधाची दिशा बरोबर होती. नंतर जनुकाऐवजी रक्तातील या दोन पदार्थांचे गुणोत्तर मोजणे सोयीचे ठरले. त्यात जनुकांबरोबर संप्रेरकांचा परिणामही दिसतो.

याच मोजमापावर आधारलेली कॅरिन लर्मन व सहकाऱ्यांची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १,२४६ धूम्रपान करणारे होते. काहींना त्वचेतून निकोटिन देणारी पट्टी दिली, काहींना व्हरेनिक्लिनच्या गोळ्या, तर काहींना नुसतीच औषधाविना पट्टी व गोळी. निकोटिन नेहमीच्या वेगाने संपवणाऱ्यांना गोळ्यांचा उपयोग पट्टीपेक्षा स्पष्टपणे जास्त झाला. सावकाश संपवणाऱ्यांना दोन्हींचा उपयोग जवळपास सारखाच झाला. मात्र गोळ्यांचा त्रास त्यांना अधिक जाणवला. त्यांच्यासाठी पट्टीच बरी.

हे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. ती चाचणी मात्र अमेरिका व कॅनडातील सिगारेट ओढणाऱ्यांवर झाली होती. तरीही तंबाखू चघळली काय किंवा ओढली काय, रक्तात शिरलेल्या निकोटिनची विल्हेवाट मुख्यतः यकृतच लावते.

निर्धार हवाच. पण वर्गातील एखाद्या मुलाच्या वडिलांनी सोडलेली तंबाखू पुन्हा धरली, तर त्या मुलासमोर त्यांना दुबळे ठरवू नये. एक उपाय फसला, तर डॉक्टरांना विचारून दुसरा करून पाहता येतो, एवढे त्याला जरूर सांगावे.