दाब, धर, सोड

आमच्याकडे दसऱ्याला पूजेत दोन विळ्या, एक कोयता, माझे फाउंटन पेन आणि दारातली प्रीमियर पद्मिनी असते. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९८३ साली बाहेर पडलेली ही मोटार अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनीच विकत घेतली होती. झेंडूचा हार घालण्याआधी तिचे ब्रेक घरीच उघडून पाहायचे, असा त्यांचा नेम. तो आता माझ्याकडे आला आहे. शाळेत शिकवणारी, कादंबऱ्या लिहिणारी बाई पाना घेऊन चाकाशी बसलेली पाहून शेजारच्या काकूंना हसू येते. हसोत बापड्या! ब्रेकच्या इतिहासातले मानाचे पान एका गृहिणीचे आहे, हे त्यांना कोण सांगणार?

त्या गृहिणीचे नाव बर्था बेंझ. १८८८ च्या ऑगस्टात तिने नवऱ्याने, कार्ल बेंझने, बनवलेली तीनचाकी मोटार त्याला न विचारताच बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. कुठे, तर माहेरी! वाट शंभरेक किलोमीटरची, चढउताराची. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आपण ज्याला लायनर म्हणतो, त्याचा जन्म हा असा रस्त्यावरचा. पुढे १८९७ साली इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी टिकाऊ लायनिंग बनवायला घेतले. फेरोडो हे नाव त्याच्याच आडनावाची अक्षरे फिरवून झाले आहे. १९०२ साली लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला. चाकाबरोबर फिरणारा पोकळ ड्रम आणि त्याला आतून दाबणारे चंद्रकोरीसारखे दोन शू. आमच्या पद्मिनीत आजही तेच आहेत.

पण पायाचा जोर चारही चाकांना सारखा पोहोचवायचा कसा? तारा आणि दांड्या कमीजास्त ओढल्या जात आणि गाडी एका अंगाला खेचे. विमाने बांधणाऱ्या लॉकहीड बंधूंपैकी माल्कमने १९१७ साली त्यावर पेटंट घेतले. दांड्यांच्या जागी नळी आणि नळीत द्रव! कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत घोकलेला असतो. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत असे ब्रेक चारही चाकांना आले. आधी चामड्याच्या वाट्या गळत. १९२४ च्या क्रायस्लरच्या वेळेपर्यंत त्या जागी रबरी वाट्या आल्या.

द्रव दबत नाही, हवा मात्र दबते. सगळी गोम इथे आहे. नळीत बुडबुडा राहिला, तर पाय बुडबुड्यालाच दाबत बसतो आणि चाक आपले फिरतच राहते. म्हणून दुरुस्तीनंतर ब्रेकची एअर काढावी लागते आणि या कामाला माणसे दोन लागतात. एक पॅडलवर, दुसरे चाकाशी. सगळ्यांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करायची. पाय दाबून धरला की चाकाशी बसलेल्याने निपल सैल करायचे. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल आवळले की मगच पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा उलट आत शिरते. “दाब... धर... सोड!” अण्णांचा हा आवाज माझ्या कानांत अजून आहे.

मी अकरा वर्षांची होते. दिवाळीला आजोळी, चिपळूणला जायचे होते. शेवटच्या चाकाच्या वेळी बाहेरून मैत्रिणीने हाक मारली आणि “सोड” ऐकण्याआधीच माझा पाय उचलला गेला. मी बोलले नाही. सपाटीवर अण्णांना पॅडल किंचित मऊ वाटले. घाईत त्यांनी ते मनावर घेतले नाही. कुंभार्ली घाटाच्या उतारावर ते पार खाली गेले. आईच्या मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला. अण्णांनी भराभर पाय मारला, गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला. गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली.

रडत रडत मी सारे सांगितले. अण्णा बराच वेळ चाकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “चूक तुझी होती, पण तपासून पाहणं माझं काम होतं.” पुढच्या दसऱ्याआधी मला वाटले, आता मला कोण बसवणार? अण्णांनी गाडीचे दार उघडले आणि इतकेच म्हणाले, “बस.”

अण्णा आता नाहीत. ड्रममधली धूळ ते फुंकर मारून उडवीत. जुन्या लायनरमधले ॲस्बेस्टॉस फुप्फुसाला घातक असते हे आज आपल्याला ठाऊक आहे, म्हणून मी नाकावर फडके बांधून ती ओल्या कापडाने टिपते. पॅडलवर माझा मुलगा बसतो. बाकी सारे तसेच आहे. फक्त प्रत्येक चाक झाले की मी त्याला विचारते, “पाय निसटला होता का रे? निसटला असेल तर सांग. पुन्हा काढू.”