बायकोवरून निघालेला नवरा

एस्पेरांतो भाषेत ‘एड्झो’ म्हणजे नवरा आणि ‘एड्झीनो’ म्हणजे बायको. डोळ्यांचे डॉक्टर लुडविक झामेनहोफ यांनी स्वतः रचलेल्या या भाषेचं पहिलं पुस्तक १८८७च्या जुलैत वॉर्सामध्ये काढलं. छपाईचा खर्च भावी सासऱ्यांनी उचलला, आणि पुढच्याच महिन्यात त्यांचं क्लाराशी लग्न झालं. सगळं व्याकरण त्यांनी १६ नियमांत बसवलं होतं. ‘इन’ लावला की स्त्रीलिंग: ‘पात्रो’ बाप, ‘पात्रीनो’ आई. त्या हिशेबाने नवऱ्यावरून बायको झाली असंच कुणीही म्हणेल. पण ‘पात्रो’च्या मागे लॅटिन ‘पातेर’ उभा आहे. ‘एड्झो’च्या मागे कुणीच नाही.

खुलासा खुद्द झामेनहोफ यांनी करून ठेवलाय. जर्मनमध्ये युवराज्ञी म्हणजे ‘क्रोनप्रिन्त्सेसिन’. त्यावरून त्यांनी ‘क्रोनप्रिंत्सेड्झीनो’ घडवलं, त्यातला युवराज बाजूला काढला आणि उरलेल्या ‘एड्झीनो’ला बायको हा अर्थ दिला. मग तिचा ‘इन’ काढून घेतला, तो झाला नवरा.

मला मात्र काही अभ्यासकांनी पुढे आणलेला यिद्दिश शब्द जास्त पटतो. झामेनहोफ बियाविस्तोकच्या ज्यू घरातले. तरुणपणी त्यांनी यिद्दिशचं व्याकरणही लिहिलं होतं. त्या भाषेत धर्मगुरू म्हणजे ‘रेबे’ आणि त्याची बायको ‘रेबेत्सिन’. गुरू वजा केला की ‘त्सिन’ हा पत्नीचा शेवट मोकळा होतो. युवराज्ञी वर्तमानपत्रात भेटते. रेबेत्सिन शेजारच्या गल्लीत राहते.

संस्कृत शिकवताना अशी उलटी वाट मला आधीच भेटली होती. ‘विधवा’ हा मुळात अखंड शब्द. लॅटिनमध्ये ‘विदुआ’, रशियनमध्ये ‘व्दोवा’. आपल्याकडे त्यात ‘वि’ हा उपसर्ग दिसला, आणि उरलेला ‘धव’ पुरुष ठरला. यास्कांच्या निरुक्तात ही फोड आहे. अमरकोशात तर ‘धव’ चक्क पतीच्या नावांत बसलाय, आणि त्याच्याच जोरावर ‘सधवा’ आजही मराठीत नांदते. म्हणजे इथेही बाईच्या नावातून नवरा निघाला! फरक इतकाच की संस्कृतात हे नकळत झालं, आणि झामेनहोफ यांनी जाणूनबुजून केलं.

एस्पेरांतोच्या शब्दकोशांत ‘एड्झीनो’ अजून ‘एड्झो’च्या पोटात नोंदलेली असते. व्याकरणाच्या सोयीसाठी ते ठीक आहे. व्युत्पत्ती द्यायची असेल, तर मात्र मान तिचाच पहिला.