एक्केचाळीस टक्के मते आणि तीन जागा

निकालाच्या दिवशी दूरचित्रवाणीवर टक्केवारीचे रंगीत तक्ते झळकू लागले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : मते यांना जास्त, मग सत्ता त्यांना कशी? चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण याच शहरात, फोर्ट सेंट जॉर्जच्या तटबंदीआड असलेल्या सचिवालयात घडले. साल १९६७.

त्या वर्षी मद्रास राज्यात (तमिळनाडू हे नाव १९६९ चे) लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र झाल्या. विधानसभेत काँग्रेसला ४१.१० टक्के मते मिळाली, द्रविड मुन्नेत्र कळघमला ४०.६९. म्हणजे काँग्रेस किंचित पुढेच. जागा मात्र २३४ पैकी द्रमुकला १३७ आणि काँग्रेसला ५१. लोकसभेचा निकाल याहून विलक्षण होता. काँग्रेसला ४१.६९ टक्के मते पडली आणि ३९ पैकी ३ जागा मिळाल्या, द्रमुकला ३५.४८ टक्क्यांत २५. काँग्रेसचे तेव्हाचे अखिल भारतीय अध्यक्ष कामराज स्वतःच्या विरुदुनगर गावात पी. श्रीनिवासन या तरुण विद्यार्थी नेत्याकडून १,२८५ मतांनी हरले. मुख्यमंत्री भक्तवत्सलमही पडले. ६ मार्च रोजी अण्णादुराई यांनी शपथ घेतली आणि काँग्रेस त्या राज्यात पुन्हा कधीही स्वबळावर सत्तेवर आली नाही.

याचे श्रेय सहसा तीन गोष्टींना दिले जाते : १९६५ चे हिंदीविरोधी आंदोलन, रुपयाला तीन पडी तांदळाचे आश्वासन, आणि जानेवारीत गोळी लागून रुग्णालयात पडलेल्या एम. जी. रामचंद्रन यांची छायाचित्रे. तिन्ही खरी. पण त्यांनी काँग्रेसची मते किती घटली? १९६२ मध्ये ती ४६.१४ टक्के होती. म्हणजे पाच टक्के. एवढ्याशा घसरणीने २०६ पैकी १३९ जागा मिळवणारा पक्ष ५१ वर येत नाही. ती किमया जागावाटपाची होती, आणि ती राजाजींनी घडवली. काँग्रेसमधून बाहेर पडून स्वतंत्र पक्ष काढलेल्या या वृद्ध राजकारण्याने एकेकाळी ज्या द्रमुकशी वैर केले, त्याच द्रमुकबरोबर हातमिळवणी केली. मार्क्सवादी कम्युनिस्टही सोबत आले.

डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी भारतीय निवडणुकांसाठी एक साधे माप रूढ केले आहे : विरोधकांच्या एकूण मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा वाटा किती? त्याला विरोधी एकजुटीचा निर्देशांक म्हणतात. १९६२ मध्ये काँग्रेसेतर मते ५३.८६ टक्के होती आणि त्यांत द्रमुकची २७.१०; निर्देशांक ५० भरतो. १९६७ मध्ये ५८.९० पैकी ४०.६९, म्हणजे ६९. मित्रपक्ष धरले तर आणखी वर. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे बाजारपेठेच्या विभागणीसारखे वाटेल. मला तरी पहिल्यांदा तसेच वाटले.

टक्केवारीतली दुसरी मेख कमी लोकांच्या ध्यानात येते. काँग्रेस २३२ जागा लढली, द्रमुक १७४. जिथे उमेदवारच नाही तिथे मते कुठून येणार? सगळे मतदारसंघ सारख्या आकाराचे मानून ४०.६९ ला २३४ ने गुणले आणि १७४ ने भागले, तर लढवलेल्या जागांवर द्रमुकचा वाटा ५४-५५ टक्क्यांच्या आसपास येतो. काँग्रेसचा ४१ च राहतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा अचूक दाखवतो. २००६ मध्ये तेच झाले. अण्णाद्रमुकला ३२.६४ टक्के मते आणि ६१ जागा, द्रमुकला २६.४६ टक्के आणि ९६ जागा. कारण अण्णाद्रमुक १८८ ठिकाणी लढला होता आणि द्रमुक केवळ १३२ ठिकाणी. करुणानिधींचे सरकार अल्पमतातले म्हणून पाच वर्षे हिणवले गेले, आणि पाच वर्षे पुरी करून गेले.

महाराष्ट्रातही हे घडलेले आहे, फक्त आपण ते तसे आठवत नाही. १९९५ मध्ये काँग्रेसला ३१ टक्के मते होती. शिवसेनेची १६.३९ आणि भाजपची १२.८० मिळून होतात २९.१९. तरी युतीच्या जागा १३८, काँग्रेसच्या ८०. बंडखोरांचा सुळसुळाट इतका की ४५ अपक्ष निवडून आले, आणि त्यांतल्या काहींच्या पाठिंब्यावर मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. २०२४ च्या लोकसभेत दोन आघाड्यांच्या मतांतला फरक एका टक्क्याहूनही कमी होता. जागा मात्र ३० आणि १७.

असे होऊ शकते हे घटनाकारांना ठाऊक नव्हते असे नाही. जानेवारी १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती संविधान सभेत मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. बहुतांश मतदार निरक्षर असताना पसंतीक्रम लिहायला लावणे व्यवहार्य नाही, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार अस्थिर होईल, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. पहिला आक्षेप काळाने बराच सैल केला आहे. दुसरा मला आजही वजनदार वाटतो, जरी आघाड्यांच्या राजकारणाने तुकडे काही थांबलेले नाहीत. दुरुस्ती फेटाळली गेली.

राज्यसभेसाठी मात्र तीच पद्धत घटनेत राहिली. फोर्ट सेंट जॉर्जमध्ये २३४ आमदार राज्यसभेच्या सहा जागांसाठी मत देतात, तेव्हा कागदावर १, २, ३ असा पसंतीक्रम मांडतात, आणि पहिल्या पसंतीची ३४ मते मिळाली की उमेदवार निवडून येतो.