मांडुळाचे दुसरे तोंड : एका सापाच्या वर्गीकरणाचा इतिहास

१/ लोणी काळभोरच्या शिवारात नांगरट चालू असताना एखादे वेळी ढेकळांतून जाडजूड, तांबूस, संथ साप वर येतो. पाहणारा लगेच म्हणतो, "दुतोंड्या!" सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालतो, अशी ज्याची ख्याती, तोच हा मांडूळ. शास्त्राने त्याला कसे ओळखले, याचा हा धागा.

२/ प्रथम देहवर्णन. अंग दंडगोलाकार, मान वेगळी दिसत नाही. मुस्कट पाचरीसारखे, माती उकरण्यास योग्य. डोळे बारीक, बाहुली उभी. खवले लहान व गुळगुळीत. पिल्लांच्या नारिंगी अंगावर काळे पट्टे असतात. वयानुसार ते पुसट होत जातात. हा साप बिनविषारी असून अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो.

३/ खरी गंमत शेपटीत आहे. ती आखूड, बोथट आणि जवळपास अंगाइतकीच जाड असते. धोका जाणवला की मांडूळ डोके वेटोळ्यांखाली दडवतो आणि शेपूट वर धरतो. शत्रूचा घाव शेपटीवर पडतो, डोके वाचते. गारुडी याच टोकावर डोळ्या-तोंडाच्या खुणा करून 'दोन तोंडे' दाखवीत.

४/ ही कल्पना केवळ आपली नव्हे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीनेही शेपटीकडे दुसरे डोके असलेल्या 'अँफिस्बीना' सापाविषयी लिहिले आहे. १७५८ मध्ये लिनियसने हे नाव एका निराळ्याच, गांडुळासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वंशाला दिले.

५/ लिनियसची सापांची विभागणी मुख्यतः खालच्या बाजूच्या खवल्यांवर आधारलेली होती. पोटाखाली आणि शेपटीखालीही अखंड पट्ट्या असतील, तर 'बोआ'. शेपटीखालच्या पट्ट्या दुभंगलेल्या असतील, तर 'कोल्युबर'. विषाचा विचार या कसोटीत नव्हता.

६/ आता भारतात येऊ. स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल १७८५ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रास इलाख्यातील निसर्गतज्ज्ञ होता. विषारी साप कोणता व निरुपद्रवी कोणता, हे सामान्य माणसाला ओळखता यावे, हा त्याचा ध्यास. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवरचा त्याचा सचित्र ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

७/ ग्रंथाच्या पुढील भागात, १८०१ मध्ये, मांडुळाला शास्त्रीय नाव मिळाले : 'बोआ जॉनी'. तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीतील जर्मन मिशनरी व निसर्ग-अभ्यासक क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन यांच्या सन्मानार्थ. आपल्या शिवारातील सापाच्या नावात तमिळ किनाऱ्यावरचा पाद्री आहे, तो असा!

८/ त्याच वर्षी जर्मन विद्वान श्नायडरने मण्यार आणि फुरसे या दोघांना 'स्यूडोबोआ', म्हणजे 'खोटा बोआ', या एकाच वंशात बसवले. १८०२ मध्ये जॉर्ज शॉने तर फुरशाला थेट 'बोआ' म्हटले! कारण दोघांच्याही शेपटीखालचे खवले अखंड असतात. एकच खूण प्रमाण मानली, तेव्हा प्राणघातक फुरसे आणि निरुपद्रवी मांडूळ नावाने भाऊबंद ठरले.

९/ पुढे दात, कवटी, सांगाडा यांचा अभ्यास वाढला. फुरसे घोणसाच्या कुळात गेले, मण्यार नागाच्या. मांडूळ मात्र बोआंचा नातलगच राहिला. आज त्याचे नाव 'एरिक्स जॉनी'. पुरावा त्याच्याच अंगावर आहे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस नखरासारखे दोन काटे असतात : पूर्वजांच्या मागल्या पायांचे अवशेष. लिनियसची खूण इतरत्र फसली, इथे योगायोगाने बरोबर ठरली.

१०/ हा इतिहास आज का सांगायचा? कारण 'दुसरे तोंड' अजून मेलेले नाही. मांडूळ गुप्तधन दाखवतो, असाध्य रोग बरे करतो, अशा थापांवर त्याचा वजनानुसार भाव ठरतो आणि चोरटा व्यापार चालतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार त्याला पकडणे वा विकणे गुन्हा आहे. नुकसान शेतकऱ्याचेही होते, कारण हा साप शेतातले उंदीर खातो.

११/ शत्रूला चकवण्यासाठी निसर्गाने दिलेली शेपूटच माणसाच्या हाती त्याचा काळ ठरली. रसेलला हवी होती ती साधी गोष्ट : साप नीट पाहणे. पुढच्या वेळी शिवारात कोणी "दुतोंड्या" म्हणाले, तर शेपटीकडे बोट दाखवा, ती शेपूटच आहे हे सांगा आणि त्याला मातीत परत जाऊ द्या.