वरसईची कावड

पेण म्हटले की गणेशमूर्ती आठवतात, रोहे म्हटले की कुंडलिका नदी आणि तेथून पुढे धावणारी कोकण रेल्वे. या परिसरातील कुटुंबे आज वृद्ध आईवडिलांना सोबत घेऊन उत्तरेचा प्रवास करतात आणि पंधरवड्यात सुखरूप परततातही. पेण तालुक्यातील वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ साली उत्तरेची वाट धरली, तेव्हा मात्र हा प्रवास पायीच करावयाचा होता आणि परतीची शाश्वती कोणासच नव्हती.

घरात दारिद्र्य होते, डोक्यावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कानी आली. वडील सहजासहजी राजी होईनात. अखेर काका रामभट बरोबर निघाले. वाटेत वडिलांची जागा काकांनीच घेतली.

महूच्या आसपास त्यांना शिपायांच्या उठावाची चाहूल लागली आणि यज्ञाचा बेत मागे पडला. उज्जैन, ग्वाल्हेर करीत काका-पुतणे झाशीस पोहोचले. सर ह्यू रोज याच्या फौजेने वेढा घालून एप्रिल १८५८ मध्ये शहर घेतले, तेव्हा हे दोघे आतच अडकले होते. कत्तल, आगी आणि लूट त्यांनी लपून राहून पाहिली. गाठीचे द्रव्य गेले. पुढे काल्पीच्या बाजूस एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली राणी लक्ष्मीबाई विष्णुभटांना भेटली. तिने ओंजळीने पाणी प्यायले, हा प्रसंग त्यांच्याच लेखणीमुळे आपणांस ठाऊक आहे.

चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी ही हकीकत सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढली. वैद्यांनी ती बरीच संस्कारून १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली सिद्ध केली. आठवणीवर भिस्त ठेवलेल्या अशा लेखनातील तपशील इतर साधनांशी ताडून पाहावेच लागतात. तरीही सेनापतींच्या अहवालांत न सापडणारी गोष्ट येथे सापडते, ती म्हणजे वेढ्यातील साध्या माणसाची भीती, भूक आणि तहान.

इतिहासाने विष्णुभटांना झाशीचा साक्षीदार म्हणून लक्षात ठेवले. आम्हांस त्यांच्या प्रवासाचा शेवट अधिक मोलाचा वाटतो. चित्रकूट, अयोध्या पाहून ते घराकडे वळले तेव्हा कमाई हाती उरली नव्हती. खांद्यावर गंगाजलाची कावड मात्र होती. ते पाणी शेकडो कोस वाहून आणून त्यांनी आपल्या मातापित्यांस स्नान घातले. ज्या दक्षिणेसाठी घर सोडले ती वाटमारीत आणि लुटीत गेली. जे कोणास लुटावेसे वाटले नाही, ते घरी पोहोचले.

आम्हीही कोवळ्या वयात घर सोडून सेमिनरीत गेलो. सुट्टीत परतताना आईसाठी काय न्यावे, हा प्रश्न आम्हांस दरवेळी पडे आणि बहुधा रिकाम्या हातांनीच आम्ही उंबरठा ओलांडीत असू. आज आपली मुले पेण-रोह्याहून मुंबईस, आखातात, त्याहूनही दूर जातात. घरी पैसे नियमितपणे येतात, त्याबद्दल आपण कृतज्ञ असावे. परंतु वरसईच्या त्या दारात वाट पाहणाऱ्या आईवडिलांनी पुत्राचे रिकामे हात आधी पाहिले असतील की त्याचा कावडीने सोललेला खांदा, याचा विचार वाचकांनी एकवार आपल्या घरी बसून करावा.